वधूपित्याचं काम

आयर्लंडमध्ये मला गोरे लोक ‘फादर’ म्हणतात. पहिल्यांदा कुणी म्हटलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, म्हटलं मागून एखादा पाद्री येतोय की काय. पण धोतर नेसून, उपरणं पांघरून, कपाळाला गंध लावून उभ्या असलेल्या माणसाला दुसरी कुठली हाक मारायची, हे त्या बिचाऱ्यांना सुचत नाही. आता मीही ओ देतो.

खरं म्हणजे पोटासाठी मी कधी भिक्षुकी केली नाही. माझे वडील सांगलीत करायचे. त्यांच्याकडून लहानपणी संथा घेतली आणि मग ते सगळं बासनात गुंडाळून इंजिनिअर झालो. काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि तिथून डब्लिनजवळच्या सँडीफोर्डला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून आलो. टेस्टर म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणारा. अशा कामाचा पगार मिळतो हे कळल्यावर आमच्या हिला फार आश्चर्य वाटलं होतं. घरी मी ते फुकटच करत होतो.

भिक्षुकी मागे लागली ती एका वास्तुशांतीमुळे. ऑफिसातल्या एका नागपूरच्या मुलानं घर घेतलं आणि त्याला पूजा सांगायला कोणी मिळेना. ही पटकन बोलून गेली, “अहो, यांना येतं की!” झालं. तेव्हापासून शनिवार-रविवार माझे राहिले नाहीत. आता नोकरीतून निवृत्त झालोय, तर अख्खा आठवडाच माझा राहिलेला नाही.

बाहेरच्याला वाटतं, गुरुजींचं काम म्हणजे मंत्र म्हणणं. मंत्र हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम असतं ते हाताशी जे आहे त्यात भागवण्याचं. संकल्प सोडताना आपण कुठं बसलोय ते देवाला सांगावं लागतं. वडील गोदावरीच्या दक्षिण तीरी म्हणायचे, मी लिफी नदीच्या दक्षिण तीरी म्हणतो. यजमान नदीपलीकडच्या मेनूथ गावचा असेल तर उत्तर तीरी. आंब्याचे डहाळे मिळत नाहीत, म्हणून कुंपणाच्या लॉरेलच्या पानांचं तोरण लावतो. होम करायचा तर स्वयंपाकघरातल्या स्मोक अलार्मला आधी अंघोळीची प्लास्टिकची टोपी घालावी लागते, आणि ती नंतर काढायची आठवण यजमानीणबाईंना करावी लागते. समिधा कुठं ठेवल्यात असं विचारलं की ‘हॉट प्रेसमध्ये’ असं उत्तर येतं. इथं कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात लाकडं छान कोरडी राहतात.

माझे यजमान दोन प्रकारचे, डॉक्टर आणि आयटीवाले. डॉक्टरांना वेळ नसतो आणि आयटीवाल्यांना धीर नसतो. सोलापूरच्या एक भूलतज्ज्ञ बाई सत्यनारायणाच्या कथेतून हॉस्पिटलचा फोन आला म्हणून उठून गेल्या आणि आरतीला परत आल्या. मधल्या वेळात त्यांनी एक बाई आणि तिचं बाळ दोघं वाचवली होती. माझ्या सगळ्या पोथीपेक्षा ते पुण्य मोठं, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो.

अशा मंडळींसाठी मी काटछाट शिकलो. टेस्टरला एक नजर येते. कुठली ओळ काढली तरी प्रोग्रॅम पडत नाही, हे त्याला दिसायला लागतं. मी तीच नजर विधींना लावली. हे गाळलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही, हे दोनदा कशाला, हे मनातल्या मनात म्हटलं तरी चालेल. पाऊण तासात सत्यनारायण आणि दीड तासात लग्न अशी माझी ख्याती झाली. मुलाकडे राहायला आलेल्या एक वऱ्हाडी आजी मात्र एकदा आरती झाल्यावर माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, “काहून जी गुरुजी, देवाले विमान पकडाचं होतं का?” सगळे हसले. मीही हसलो आणि बॅग आवरायला घेतली.

अशात एक दिवस अनघाताईंचा फोन आला. अनघाताई पुण्याच्या. त्यांचा मुलगा निनाद डब्लिनला असतो. त्यानं स्वतःची कंपनी काढली, ती चांगल्या किमतीला विकली आणि ईफा नावाच्या आयरिश मुलीशी लग्न ठरवलं. ताई मुलाकडे आल्या होत्या. त्यांनी मला बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात चहाला बोलावलं. तीन मजली तबकात बोटाएवढी सँडविचं आली. ती हातानं खायची की काट्यानं, या विचारात मी असतानाच ताई म्हणाल्या, “पुण्यात करायचं तर ईफाकडच्या सगळ्यांना जमणार नाही, आणि इथं करायचं तर पावसाचा भरवसा नाही. म्हणून मुलांनी ठरवलंय, सेंट बार्ट्सला करायचं. तुम्ही येणार ना गुरुजी?”

मी होकारार्थी मान हलवली. मला ते डब्लिनमधल्या एखाद्या चर्चच्या हॉलचं नाव वाटलं होतं. बाहेर येऊन फोनवर शोधलं तर ते कॅरिबियन समुद्रातलं एक फ्रेंच बेट निघालं. पांढरी वाळू, निळं पाणी आणि बंदरात रांगेनं उभ्या असलेल्या अब्जाधीशांच्या यॉट. माझं विमानाचं तिकीट आणि समुद्राकाठची खोली यजमानांकडून. त्यानंतर जो भेटेल त्याला मी ते सांगत सुटलो. कुणी नुसतं ‘कसं काय?’ विचारलं तरी माझं उत्तर सेंट बार्ट्सपाशी जाऊन थांबायचं. ही शेवटी म्हणाली, “अहो, लग्न निनादचं आहे.”

कायद्याचं लग्न डब्लिनला रजिस्ट्रारकडे होणार होतं, बेटावर फक्त आपलं वैदिक. निघण्यापूर्वी ईफाच्या वडिलांना विधी समजावून सांगावेत, असं ताईंनीच सुचवलं. म्हणून मी एका दुपारी ट्रेननं मेनूथला गेलो.

ईफाचे वडील डोनल. निवृत्त प्लंबर. मेनूथमधल्या अर्ध्याअधिक न्हाणीघरांतून आपला हात फिरलाय असं ते सांगतात, आणि रस्त्यानं चालताना कुठल्या घरातला नळ कुणी चुकीचा बसवलाय तेही सांगतात. त्यांची बायको मॉरा गेली तेव्हा ईफा शाळेत होती. मुलीला त्यांनी एकट्यानं वाढवलं. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, पण मला ते मराठीतच आठवतं.

“चहा घेणार ना, फादर?”

“नको नको, आत्ताच झाला.”

“घ्या हो.”

“बरं, अर्धा कप.”

आग्रहाच्या बाबतीत आयरिश माणूस आणि सांगलीकर सख्खे भाऊ शोभतील. चहा पुढ्यात आल्यावर त्यांनी मुद्द्यालाच हात घातला.

“आमच्यात बाप मुलीला हाताला धरून आत घेऊन येतो. तुमच्यात कसं?”

“आमच्यात मामा आणतो.”

“मामा? म्हणजे मॉराचा भाऊ? कॉर्कला राहतो तो बाबा? अहो, तो स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला होता.” त्यांनी कप खाली ठेवला. “मग मी काय करायचं? नुसतं खुर्चीत बसायचं?”

इथं मी घुटमळलो. वधूपित्यानं नवरदेवाचे पाय धुवायचे, हे गोऱ्या माणसाला सांगताना मला नेहमीच अवघड होतं. सांगताना आवाज आपोआप खाली जातो, ‘प्राचीन’, ‘प्रतीकात्मक’ असे शब्द तोंडी येतात. तसंच झालं. लग्नाच्या दिवशी नवरदेवाला विष्णू मानतात, असं लांबून सुरू करत करत मी पाय धुण्यापर्यंत आलो. मग कन्यादान. मग वधूपिता नवरदेवाला म्हणतो की धर्म, अर्थ आणि काम यांत हिला डावलून जाऊ नकोस, आणि नवरदेवाला बापासमोर कबूल करावं लागतं की नाही जाणार.

“जुन्या काळचं आहे हो,” मी घाईघाईनं म्हणालो.

“ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमचा पाद्री बारा जणांचे पाय धुतो,” ते म्हणाले. “भर चर्चमध्ये, गुडघ्यावर बसून. एका वर्षी त्या बारांत मी होतो. घाण दिसायला नकोत म्हणून घरून दोनदा धुऊन गेलो होतो!” ते मोठ्यानं हसले. मग माझ्याकडे बघत म्हणाले, “तुम्ही एवढं लाजत का सांगताय, फादर?”

इतकी वर्षं मी तो विधी कुणाकुणाला समजावून सांगत आलो, पण माझी मान खाली गेलेली असते हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

पुढचा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला. पाय धुताना पाणी वधूची आई घालते, हे मी सांगून बसलो होतो. “मॉरा नाही, मग?” मी सांगितलं की बायको हयात नसेल तर आमच्यात तिच्या जागी सुपारी कमरेला खोचून विधी करतात, पाणी घरातलं कुणीही घालेल. बॅगेत सुपाऱ्या होत्या, त्यातली एक काढून दिली. त्यांनी ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली.

“एवढीशी? तिला खपलं नसतं,” ते म्हणाले, आणि शर्टाच्या खिशात घालून त्यांनी वरून बटण लावलं.

मग ओट्याला धरून खाली बसून पाहिलं. बसता आलं, पण उठताना मला हात द्यावा लागला. “आयुष्यभर लोकांच्या सिंकखाली गुडघे झिजवले,” ते म्हणाले. “एकदा पोरीसाठी झिजवू. तालीम करतो मी.”

सेंट बार्ट्सला मोठं विमान उतरत नाही. शेजारच्या बेटावरून रिक्षापेक्षा थोडं मोठं असं विमान पकडायचं. ते एका डोंगराच्या माथ्याला घासून खाली झेपावतं, आणि धावपट्टी जिथं संपते तिथं लोक वाळूत पडून ऊन खात असतात. मी डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणत होतो. पलीकडच्या सीटवर डोनल पायलटच्या खांद्यावरून सगळं बघत खूश होते.

खाली उतरल्यावर मात्र मी पुरता हरखलो. लाल छपरांचं बंदर, त्यात माझ्या पुण्यातल्या सोसायटीच्या इमारतीपेक्षा उंच यॉट, रस्त्यात कागदाचा कपटा नाही. हॉटेलच्या खोलीत एक मुलगी फळांचं तबक ठेवून गेली, त्यातली निम्मी फळं मला ओळखता आली नाहीत. मी बाल्कनीत उभं राहून यॉटच्या पार्श्वभूमीवर स्वतःचे फोटो काढले आणि आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकले. खाली ‘विधीची तयारी सुरू’ असं लिहिलं. तयारी अजून बॅगेतच होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी अनघाताईंनी बोलावलं. तिथं निनाद आणि ईफा दोघंही होती. ताईंच्या हातात टॅब होता.

“गुरुजी, दोनच गोष्टी काढू या. पाय धुणं आणि कन्यादान,” त्या म्हणाल्या. “ईफा काय वस्तू आहे दान करायला? आणि तिच्या वडिलांनी या वयात खाली बसून आमच्या मुलाचे पाय धुवायचे, तेही सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर! काय म्हणतील लोक आपल्याला? मला तर विचारानंच लाज वाटते.”

ईफाचंही म्हणणं होतं की मला कुणी कुणाला देऊ नये. निनाद म्हणाला, “हो गुरुजी, थोडं ऑकवर्ड होईल ते.”

मला पटलं. खरंच पटलं. कन्यादानाबद्दल माझ्या स्वतःच्या मुलीनं मला याआधीच धारेवर धरलं होतं, आणि मला तिच्याशी वाद घालता आला नव्हता. पण हे सगळं पटत असताना आत एक वेगळंच सुटल्यासारखं वाटलं. उद्या दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर ते पाय धुणं मला समजावून सांगावं लागणार नव्हतं. माझ्या होकारातला मोठा वाटा त्याचा होता.

“फक्त डोनलना सांगायला हवं,” मी म्हणालो.

“डॅड विल बी ग्रँड, काही वाटणार नाही त्याला,” ईफा म्हणाली. “त्याला चारचौघांत पुढे व्हायला आवडतच नाही. सुटलो म्हणेल.”

“तुम्हीच सांगा ना गुरुजी,” ताई म्हणाल्या. “तुमचं ऐकतील ते.”

मी हो म्हटलं. खरं तर मुलीनं सांगायला हवं होतं, किंवा ताईंनी. पण विधी गाळण्याचं काम माझ्या अंगवळणी पडलेलं. मी तसाच उठून डोनलच्या खोलीवर गेलो.

ते ईफानं दिलेला रेशमी कुर्ता स्वतः इस्त्री करत होते. मला बघून त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. “फादर, हे बघा.” आणि कशालाही न धरता ते गुडघ्यांवर बसले, क्षणभर थांबले आणि कशालाही न धरता उठले. चेहरा लाल झाला होता, पण उठले. “रोज सकाळी केलं. डॉक्टर म्हणाला, इतका शहाणा पेशंट पहिल्यांदाच पाहिला.”

मी टाळी वाजवली. उद्या वेळेवर या, म्हणालो. आणि परत आलो.

लग्न सकाळी, वाळूवरच होतं. समुद्रावरून वारा असा की अंतरपाट शिडासारखा फुगला, तो धरायला समोर उभ्या असलेल्या यॉटवरचे दोन खलाशी बोलवावे लागले. अक्षता टाकल्या त्या सगळ्या फोटोग्राफरच्या अंगावर गेल्या. संकल्पाला नदी सापडेना, म्हणून ‘समुद्रमध्यस्थ द्वीपावर’ असं म्हणून मी वेळ मारून नेली. कॉर्कचे मामा वेळेवर आले आणि ईफाला घेऊन आले. ती पिवळ्या नऊवारीत इतकी सुरेख दिसत होती की अनघाताईंनी दोनदा डोळे पुसले.

डोनल पहिल्या रांगेत कडेला बसले होते. कुर्त्याच्या बाह्या त्यांनी कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. कमरेला शेला बांधला होता आणि त्यात ती सुपारी खोचलेली होती. बसल्या बसल्या त्यांचा हात मधूनमधून तिच्याकडे जायचा, पडली नाही ना बघायला. मंगलाष्टकं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं, म्हणजे आता का? मी पोथीत डोकं घातलं. खरं तर मला पोथी लागत नाही. लाजाहोमाच्या वेळी ते खुर्चीच्या कडेवर आले होते. सप्तपदी सुरू झाली तेव्हा मागे टेकले. शेवटचं पाऊल पडल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात त्यांची सगळ्यात मोठी होती.

मी सामान भरत असताना ते जवळ आले. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, हे त्यांनी आधी पाहिलं. ते त्यांनी माझ्यासाठी पाहिलं, हे मला नंतर कळलं. त्यांना वाटत होतं मी विसरलो, आणि माझी चूक चारचौघांत उघडी पडू नये म्हणून ते हळू बोलत होते.

“माझं काम राहिलं का, फादर?”

तेव्हासुद्धा खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, “समुद्रावरच्या लग्नात तो विधी नसतो.”

“असं होय.”

“शास्त्रातच तसं आहे.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. त्यांनी बाह्या खाली केल्या आणि मनगटाची बटणं एकेक करून लावली. सुपारी काढून माझ्यापुढे धरली. “ही तुम्हाला परत हवी असेल.” मी ती घेतली. इतकी वर्षं मी विधी गाळत आलो होतो, पण नसलेलं शास्त्र त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, आणि तेही अशा माणसाला, जो मला सांभाळून घेत होता. माझे वडील कधी पाच घरं फिरून आले तरी एका घरचं दुसऱ्या घरी बोलायचे नाहीत, खोटं तर दूरच. मला त्या वाळूत उभं राहवेना.

जेवण त्याच यॉटवर होतं. निनादनं ती दिवसभरासाठी भाड्यानं घेतली होती. छोट्या बोटीतून आम्हाला तिच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं पाण्याला लागून एक सपाट फळी असते, तिच्यावर उतरायचं आणि चार पायऱ्या चढून वर जायचं. पण वर जाण्याआधी पायांची वाळू गेली पाहिजे, कारण वरची लाकडी जमीन फार महागाची. चपला एका टोपलीत टाकायच्या. खलाशांपैकी एक दणकट बाई पांढऱ्या गणवेशात खाली वाकून, हातातल्या शॉवरनं प्रत्येकाचे पाय धुऊन टॉवेलनं पुसत होती. आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो. अनघाताईंनी पैठणी जरा वर उचलून आधी उजवा पाय पुढे केला, मग डावा. बोलणं त्यांचं मागच्या पाहुण्यांशी चालू होतं. त्यांच्यामागून सगळी पुण्याची मंडळी, मग आयरिश मंडळी. एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझा नंबर आला. ती बाई माझ्या पायांशी वाकली, आणि सवयीनं माझा हात तिच्या डोक्यावर गेला. तोंडातून ‘कल्याणमस्तु’ निघालंसुद्धा. तिनं वर पाहिलं, ‘थँक्यू सर’ म्हणाली आणि टॉवेल उचलला. मागचे पोट धरून हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण माझ्या मागे डोनल होते आणि ते तिच्या हातांकडे एकटक बघत होते.

त्यांनी आपले पाय पुढे केले नाहीत. तिला हळूच काहीतरी विचारलं, तिच्या खांद्यावरचा टॉवेल मागून घेतला आणि बाजूला उभे राहिले. पुढच्या बोटीतून निनाद आणि ईफा आली. दोघं फळीवर उतरली तशी डोनलनी पुन्हा बाह्या वर केल्या आणि गुडघ्यांवर बसले. बोटीच्या हेलकाव्यानं तोल जात होता, पण त्यांनी कशाला धरलं नाही.

“डॅड, उठ रे! काय करतोयस?” ईफा हसत म्हणाली.

“प्लंबरची पोर आहेस. माझ्यासमोर कुणी घाणेरड्या पायांनी बोटीवर चढायचं नाही,” ते म्हणाले. “चल निनाद, पाय पुढे कर.”

सगळे हसले. वर उभ्या असलेल्यांनी फोन बाहेर काढले. काय झकास माणूस आहे, असं कुणीतरी म्हणालं. निनादही हसत होता. मग त्यानं खाली डोनलच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. पुण्याचा मुलगा तो, दोन-चार लग्नं त्यानंही पाहिली होती. समोरचा माणूस काय करतोय ते त्याला कळलं. “गुरुजी?” एवढंच तो म्हणाला. मला वाटतं त्याला विचारायचं होतं की यांना तुम्ही सांगितलंच नव्हतं का.

“अहो गुरुजी, उठवा ना त्यांना,” अनघाताई वरून दबक्या आवाजात म्हणाल्या.

ईफाचंही हसणं थांबलं होतं. ती वडिलांकडे बघत राहिली, मग तिनं त्या खलाशी बाईच्या हातातला शॉवर घेतला आणि निनादच्या पायांवर पाणी सोडलं. डोनलनी त्याचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला.

मी दोन पायऱ्या वर उभा होतो. मंत्र माझ्या ओठांवर आला होता. पण म्हणायचा म्हणजे, तासाभरापूर्वी या माणसाला शास्त्र म्हणून जे सांगितलं ते खोटं होतं, हे त्याच्याच समोर मोठ्यानं म्हणण्यासारखं होतं. गप्प राहिलो असतो तर सगळं थट्टेवारी गेलं असतं आणि मी वाचलो असतो. पाणी चालू होतं आणि एक पाय धुऊन होत आला होता.

मी खाली उतरलो, डोनलच्या शेजारी उभा राहिलो आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली. मोठ्यानं, एकही अक्षर न गाळता. वरचं हसणं हळूहळू बंद झालं.

डोनलनी मान वर केली नाही. निनादच्या बोटांमधली वाळू काढता काढता ते म्हणाले, “म्हणजे समुद्रावरही असतो तर.”

मी पुढचा मंत्र म्हणत राहिलो. थांबलो असतो तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.